गार्मार्ना ऐकायला कुठून सुरुवात करावी: उदास स्वीडिश लोकरॉकच्या वाटेवरच्या पायऱ्या आणि खड्डे

गार्मार्ना हा बँड नीट सापडायला मला तीन वर्षं लागली. गंमत अशी की त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं, फक्त ते गाणारे दुसरेच कोणीतरी होते. व्हिडिओत शिंगांचं शिरस्त्राण घातलेला दाढीवाला, मागे बर्फाचे डोंगर आणि खाली पाटी: 'हजार वर्षांपूर्वीचं व्हायकिंग युद्धगीत'. मी भक्तिभावाने ते महिनाभर ऐकलं. ते युद्धगीत नाही, व्हायकिंगांचं नाही आणि हजार वर्षांपूर्वीचंही नाही, हे फार उशिरा कळलं. डोंगरातली एक ट्रोल बाई (ट्रोल म्हणजे तिकडच्या लोककथांतली राक्षसी जमात) एका सरदाराला लग्नाची मागणी घालते, त्याचं ते 'हेर मानेलिग' नावाचं गाणं आहे.

तुमची तीन वर्षं वाचावीत म्हणून हा लेख.

आधी ओळख. स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर मेदेलपाद नावाचा प्रांत आहे, त्यात सुंड्सवाल हे शहर. लाकडाच्या धंद्यावर वाढलेलं, १८८८ च्या आगीत जळालेलं आणि नंतर दगडाविटांत पुन्हा बांधलेलं. डिसेंबरात तिथला दिवस जेमतेम पाच तासांचा. या भागातल्या तीन तरुणांनी, स्टेफान ब्रिसलांड-फेर्नर, गोट्टे रिंगक्विस्ट आणि रिकार्ड वेस्टमान यांनी, हॅम्लेटचा एक नाट्यप्रयोग पाहिला. त्यात जुनं स्वीडिश संगीत वापरलं होतं. ते डोक्यात बसलं आणि १९९० साली बँड सुरू झाला. पुढे ड्रमवर येन्स हेग्लिन आला आणि १९९३ मध्ये गायिका म्हणून एम्मा हेर्डेलिन. तिचे वडील थोरे हेर्डेलिन हे देल्स्बू गावचे नावाजलेले लोकवादक, म्हणजे घरातच संगीत. बँडचं नाव नॉर्स, म्हणजे जुन्या स्कॅन्डिनेव्हियन, पुराणातल्या गार्म या कुत्र्यावरून आलंय. मृतांच्या राज्याच्या दाराशी राखण करतो तो. त्याचंच अनेकवचन म्हणजे गार्मार्ना.

लागणारं साहित्य

फार काही नाही. बरे हेडफोन हवेत, कारण फोनच्या स्पीकरवर खालचे धरलेले सूर गायबच होतात. गाण्यांचे मूळ शब्द आणि त्यांचा माणसाने केलेला अनुवाद. फोनवर स्वीडिश कीबोर्ड. एक वही. आणि पाऊण तास, ज्यात कोणी हाक मारणार नाही. शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड.

पायरी १: नाव शोधायला आणि उच्चारायला शिका

स्वीडिश वर्णमालेत एकोणतीस अक्षरं आहेत. आपल्या ओळखीची इंग्रजी सव्वीस आणि शेवटी तीन जास्तीची: डोक्यावर गोल असलेला ए, दोन ठिपकेवाला ए आणि दोन ठिपकेवाला ओ. ही सजावट नाही, स्वतंत्र अक्षरं आहेत. ठिपके गाळून शोधलंत तरी बहुतेक ठिकाणी काम भागतं, पण जुन्या सीडींच्या याद्यांमध्ये आणि ग्रंथालयांच्या सूचींमध्ये अडतं. म्हणून कीबोर्ड.

उच्चाराच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला एक लाभ आहे आणि तो कोणी सांगत नाही. स्वीडिशमध्ये 'र'नंतर 'न' आला की दोन्ही मिळून चक्क आपला 'ण' होतो. 'र' आणि 'ट' शेजारी आले की ट, 'र' आणि 'ड' आले की ड, 'र' आणि 'स' आले की ष. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे शिकताना घाम फुटतो, आपल्याला बालवाडीपासून येतं. त्यामुळे लिहिताना गार्मार्ना असलं तरी तोंडी ते साधारण 'गार्मणा' असं येतं. त्यांच्या एका गाण्यातल्या मुलीचं नाव इंग्रजी वळणाने वाचलं तर 'केर्स्टी' होतं, स्वीडिश तोंडात ते 'शेष्टी'च्या जवळ जातं. मी ऑफिसातल्या स्वीडिश सहकारीणीसमोर 'गार्मणा' म्हटलं तेव्हा तिने दोनदा म्हणायला लावलं. मराठीतल्या 'ण'बद्दल इतकी ऊर भरून येण्याची वेळ माझ्यावर आधी आली नव्हती.

खड्डा: उच्चार कानाने ऐकून तो इंग्रजीत टाइप करू नका. 'वेदेरयेल्निंगेन' असा उच्चार असलेल्या अल्बमच्या नावात 'य' कुठेच नाही, तिथे 'जी' आहे. ठिपकेवाल्या ए-आधी जी आला की तो य होतो.

पायरी २: एकच अल्बम निवडा, आणि तो क्रमाने ऐका

तो अल्बम म्हणजे १९९६ चा 'गूड्स स्पेलेमेन', अर्थ 'देवाचे वादक'. दुसरा कुठलाही नको. शफल बंद करा. ॲप आपणहून पुढचं गाणं लावतं तेही बंद करा.

यामागे कारण आहे. बँडचा २०२० चा अल्बम सीझन ऑफ मिस्ट या फ्रेंच कंपनीने काढला, आणि ती मुख्यतः मेटल संगीताची कंपनी. त्यामुळे ॲप तुम्हाला चौथ्या गाण्यालाच घसा फाडून ओरडणाऱ्यांच्या घरात नेऊन बसवतं. त्यांचं संगीत वाईट आहे असं नाही, पण तुम्ही वेगळ्या पत्त्यावर निघालेले असता.

पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे बघू नका. एम्माच्या आवाजाकडे लक्ष द्या. सरळ, कंप नसलेला, जवळजवळ थंड आवाज. बातमी सांगावी तसं ती गाते. मला पहिल्या वेळी वाटलं, हिला यात काही वाटतच नाही का? पुढची पायरी चढेपर्यंत मला उत्तर मिळालं नव्हतं.

पायरी ३: आता गोष्ट वाचा, मग तेच गाणं पुन्हा ऐका

सगळ्या लेखातली हीच पायरी गाळू नका. लोक या बँडला 'रात्रीचं, पावसाळी, छान उदास संगीत' म्हणून मागे लावून ठेवतात आणि कामं करत बसतात. मीही तेच केलं. पण यातली बरीच गाणी म्हणजे मध्ययुगीन कथागीतं आहेत, लोकांच्या तोंडी शतकानुशतकं फिरलेली. त्यांतली उदासी सुरात आहे त्याहून जास्त सांगण्याच्या पद्धतीत आहे: भयंकर काहीतरी घडतं आणि सांगणारा आवाज चढवत नाही.

'हेर मानेलिग' घ्या. पहाट व्हायच्या आधी, पाखरं बोलायच्या आधी, डोंगरातली ट्रोल बाई सरदार मानेलिगपुढे येते. लग्न कर माझ्याशी, मी तुला बारा घोडे देईन, ज्यांच्या पाठीवर कधी खोगीर चढलं नाही. बारा गिरण्या देईन, तांबड्या सोन्याच्या जात्यांच्या, रुप्याने मढवलेल्या चाकांच्या. सोनेरी तलवार. पांढऱ्या रेशमाचा सदरा, सुईदोऱ्याने न शिवलेला. प्रत्येक कडव्यानंतर तेच पालुपद परत येतं: मानेलिग, करशील का लग्न माझ्याशी? हो म्हण नाहीतर नाही म्हण. तो म्हणतो, तू ख्रिस्ती बाई असतीस तर घेतलं असतं, पण तू सैतानाच्या गोतातली. ती रडत-ओरडत बाहेर पळते: हा देखणा तरुण मिळाला असता तर माझा जाच सुटला असता.

बस. गाणं संपलं. आता सांगा, यात दुष्ट कोण? पालुपद तेच असतं, पण पहिल्या वेळी ते आमिष वाटतं आणि शेवटच्या वेळी गयावया. शब्द एक अक्षराने बदललेला नसतो. एम्मा सूरही बदलत नाही. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्यात त्यांना हे नवीन वाटणार नाही. सासुरवासाचं असह्य काहीतरी सांगताना आजीही आवाज चढवायची नाही, खुंटा फिरतच राहायचा.

'वारुल्वेन' म्हणजे लांडगामाणूस. मुलगी रानातून प्रियकराला भेटायला निघालीय, वाटेत लांडगा आडवा येतो. ती रुपेरी वस्त्र देऊ करते, रुप्याचे जोडे देऊ करते, त्याला काही नको असतं. ती झाडावर चढते आणि हाक मारते. प्रियकर पाखरासारखा धावत येतो. त्याला फक्त रक्ताळलेला एक हात सापडतो. मुलगी हाक मारते ते कडवं आणि हात सापडतो ते कडवं, दोन्हींची चाल अगदी तीच.

'हिल्ला लिल्ला' मात्र मी सलग दोनदा ऐकू शकत नाही. हिल्ला शिवत बसलीय, टाके चुकतायत. राणी जाब विचारते तेव्हा ती आपली हकिगत सांगू लागते. प्रियकर तिच्या भावांशी लढत होता, त्याने बजावलं होतं की लढत असताना माझं नाव घेऊ नकोस. सगळ्यात धाकट्या भावावर वार पडायची वेळ आली आणि तिच्या तोंडून नाव निघालं. प्रियकर मेला. वाचलेल्या त्या भावाने तिला केसांनी खोगिराला बांधून घरी ओढत आणलं. मग आईने तिला एका घंटेच्या मोबदल्यात विकलं. घंटेचा पहिला टोल पडला आणि आईचं काळीज फुटलं. पालुपद सांगतं, माझं दुःख देवाशिवाय कोणाला ठाऊक नाही.

खड्डा क्रमांक एक: यंत्राने केलेला अनुवाद. जुन्या स्वीडिशमध्ये 'स्वेन' म्हणजे तरुण मुलगा किंवा सेवक, पण आज ते पुरुषाचं नाव आहे. यंत्र प्रत्येक गाण्यात एक स्वेन नावाचा गृहस्थ घुसवतं. 'हेर'चंही तसंच, आज त्याचा अर्थ 'श्रीयुत', गाण्यात 'सरदार'. श्रीयुत मानेलिग म्हटलं की सोसायटीच्या सेक्रेटरीला ट्रोलने मागणी घातल्यासारखं वाटतं.

खड्डा क्रमांक दोन: 'व्हायकिंग' हा शब्द. हेर मानेलिगचे शब्द छापील स्वरूपात आले ते १८७७ साली, स्यदरमानलांड प्रांतातल्या लोकगीतांच्या संग्रहात. ही कथागीतं मध्ययुगातल्या सरदार-सरंजामाच्या जगातली, व्हायकिंग काळ त्याच्या आधीच संपलेला. जिथे व्हायकिंग आणि हेर मानेलिग एका ओळीत दिसतील तिथून पुढे चला.

पायरी ४: कथागीतांचा नकाशा जवळ ठेवा

ही पायरी थोडी अभ्यासू आहे, कंटाळा आला तर सोडा. स्कॅन्डिनेव्हियातल्या मध्ययुगीन कथागीतांची एक सूची १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८३८ प्रकार नोंदवलेत आणि त्यांचे सहा गट केलेत. अ गटात अतिमानवी गोष्टी, मग संतकथा, इतिहास, सरदारी प्रेम-वैर, वीरकथा आणि शेवटी विनोदी. प्रत्येक कथेला क्रमांक आहे. हेर मानेलिग अ गटात ५९, लांडगामाणूस अ गटात २०.

याचा उपयोग असा की तो क्रमांक घेऊन शोधलं की त्याच कथेची डॅनिश, नॉर्वेजियन, फेरो बेटांवरची भावंडं सापडतात. स्टॉकहोममध्ये स्वेन्स्क्त वीसआर्कीव ही १९५१ पासूनची लोकगीतांची संस्था आहे, तिच्या संग्रहात जुन्या गायक-गायिकांची ध्वनिमुद्रणं आहेत. एखाद्या खेड्यातल्या म्हातारीने साथीशिवाय गायलेलं कथागीत ऐकलं की एम्मा ते थंडपण कुठून आणते हे वेगळं सांगावं लागत नाही. या जुन्या गायकीतले काही सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले असतात. आपल्याला ते बेसूर वाटत नाहीत, इतरांना वाटतात.

पायरी ५: वाद्यं ओळखा

मुख्य ओळख पटवून घ्यायची ती वेवलिराची. इंग्रजीत हर्डी-गर्डी. पेटीसारखं लाकडी वाद्य मांडीवर, एका बाजूला हँडल. हँडल फिरवलं की आतलं लाकडी चाक तारांवर घासतं, म्हणजे कधीही न संपणारा गज. काही तारा पट्ट्या दाबून चाल वाजवतात, बाकीच्या एकच सूर धरून ठेवतात. तंबोऱ्याच्या जागी कर्कश, थोडा चिडलेला तंबोरा कल्पना करा. धरलेल्या सुरावर गाणं उभं राहण्याची सवय आपल्या कानाला आहे, म्हणून मला वाटतं आपण या संगीतात लवकर रुळतो.

मग मुंयिगा, म्हणजे आपलं मोरचंग. फिड्डल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. आणि या सगळ्याखाली इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, सॅम्पलर (साठवलेले आवाज वाजवणारं यंत्र). पहिल्यांदा ऐकताना जुनं कुठे संपतं आणि यंत्र कुठे सुरू होतं ते कळत नाही. ते शोधत बसू नका.

पायरी ६: मागे जा, मग पुढे

'गूड्स स्पेलेमेन' अंगात मुरला की १९९४ च्या 'वित्त्रद'कडे जा. जास्त खडबडीत, जास्त लाकडी. त्यातलं 'स्तीवमूदेर्न' (सावत्र आई) ऐका: सावत्र आई लेकरांचा छळ करते म्हणून त्यांची मेलेली आई थडग्यातून उठून येते.

नंतर १९९९ चा 'वेदेरयेल्निंगेन', म्हणजे सूड किंवा परतफेड. इथे इलेक्ट्रॉनिक ताल पुढे येतात. जुने चाहते याच्यावर नाराज असतात, मला हा आवडतो. तुम्ही स्वतः ठरवा.

मोठा खड्डा, पैशाचा: अमेरिकेत निघालेल्या आवृत्त्यांवर इंग्रजी नावं आहेत. 'वित्त्रद'चं झिजत जाणं अशा अर्थाचं 'क्रंबलिंग अवे', 'गूड्स स्पेलेमेन'चं 'गॉड्स म्युझिशियन्स', 'वेदेरयेल्निंगेन'चं 'व्हेंजन्स'. मी एकच अल्बम दोनदा विकत घेतला, दुसरा परदेशातल्या एका जुन्या सीडीवाल्याकडून, डिलिव्हरीचा खर्च आणि कस्टम ड्यूटी धरून मूळ किमतीच्या तिप्पट पैशात. पाकीट फोडून गाण्यांची यादी वाचली तेव्हा कळलं. सीडी घेण्याआधी नाव नाही, गाण्यांची यादी ताडून बघा.

आणखी एक घोळ: 'वेदेरयेल्निंगेन' नावाचं गाणं १९९६ च्या अल्बमवरही आहे. म्हणजे गाणं एका अल्बमवर भेटतं आणि तेच नाव दुसऱ्या अल्बमच्या कपाळावर.

पायरी ७: उरलेले तीन, वेगळ्या दाराने

२००१ चा अल्बम हिल्डेगार्ड फॉन बिंगेन या जर्मन मठाध्यक्षेच्या (१०९८ ते ११७९) रचनांवर आहे. भाषा लॅटिन. नाव ओळखीचं वाटून पुष्कळजण इथूनच सुरुवात करतात आणि 'लोकसंगीत कुठंय?' म्हणून परत फिरतात. हा चौथा ऐकायचा, पहिला नाही.

त्यानंतर पंधरा वर्षं नवा अल्बम नाही. २०१६ मध्ये आला त्याचं नाव नुसतं '६'. हे शोधून दाखवा! बँडच्या नावासकट टाकलंत तरच सापडतो. यात कथागीतं बाजूला ठेवून पॉप आणि इलेक्ट्रॉनिकाकडे झुकलेत. 'ओपेत हाव' (खुला समुद्र) चांगलं आहे, बाकी अल्बम माझ्या मनात फार काळ राहिला नाही.

२०२० चा 'फर्बुंदेत', म्हणजे करार, मात्र परत घरी आणतो. त्यातलं 'त्वो सिस्त्रार' (दोन बहिणी): थोरली धाकटीला पाण्यात ढकलते, धाकटीच्या देहापासून हार्प बनते आणि लग्नात ती हार्पच बोलू लागते. आणि 'स्वेन ई रूसेन्गोर्ड', इथे मात्र स्वेन हे खरंच नाव आहे. आई विचारते, इतका वेळ कुठे होतास? सदऱ्याला रक्त कसलं? मग भावाला मारल्याचं बाहेर येतं. परत कधी येशील? हंस काळा होईल तेव्हा. सगळं गाणं म्हणजे आई-मुलाचे प्रश्न-उत्तरं. शब्द समोर ठेवून ऐका, दहा मिनिटांत इतकं स्वीडिश येईल की 'कधी' आणि 'आई' विसरणार नाही.

पायरी ८: शेजारच्या घरात डोकावा

आधी त्रियाकेल. एम्माचाच दुसरा चमू, पहिला अल्बम १९९८ चा. तीनच जण: तिचा गळा, फिड्डल आणि पायपेटी. हो, तीच, नाटक कंपन्यांत असायची ती पायाने भाता मारायची पेटी. रॉक नाही, ड्रम नाही. गार्मार्नात जे धुक्यात होतं ते इथे खिडकीजवळ बसलेलं असतं.

हेडनिंगार्ना १९८७ पासूनचे, जास्त रांगडे, नाचायला लावणारे. होवेन द्रोवेन येम्तलांड प्रांतातले, गाणं नाही, नुसतं वाद्यसंगीत आणि मोठा आवाज. वेसेन या चमूत नीकेलहार्पा ऐका, पट्ट्या असलेलं व्हायोलिनच्या गोतातलं वाद्य. त्यातल्या अनुनाद देणाऱ्या तरफांमुळे सारंगीची आठवण येते. आणि या उदासीला स्वीडिशमध्ये जो शब्द आहे, 'वेमूद', तो रॉकविना कसा ऐकू येतो हे जाणून घ्यायचं असेल तर यान योहान्सनने १९६४ मध्ये पियानोवर वाजवलेली लोकगीतं. एवढ्या कमी सुरांत एवढं रितेपण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

पायरी ९: स्वीडनमध्ये असाल तर

नोकरी-शिक्षणासाठी तिकडे असलेल्या मराठी मंडळींसाठी एवढंच: हे संगीत हिवाळ्याचं वाटलं तरी भेटतं उन्हाळ्यात. गावोगावी 'स्पेलमान्सस्टेम्मा' भरतात, लोकवादकांचे मेळावे. चित्रकार आंदेर्स सोर्न याने १९०६ मध्ये गेसुंदा इथे लोकवादकांची स्पर्धा भरवली, तिथून या परंपरेला जोर आला. देल्स्बूचा मेळावा जुलैत असतो. मंचासमोर बसून राहू नका. खरी मजा पार्किंगमध्ये, झाडांखाली, तंबूंच्या मध्ये, जिथे अनोळखी लोक घोळक्याने वाजवत उभे असतात. त्याला 'बुस्कस्पेल' म्हणतात, झुडपातलं वादन.

लोकसंगीत आणि रॉक एकत्र हवं असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला नेसोकेर गावी उर्कुल्त हा उत्सव असतो. जवळच नेमफोर्सेनच्या धबधब्याशी अश्मयुगीन शिल्पं कोरलेल्या शिळा आहेत, त्या बघून घ्या. सोबत घ्यायच्या वस्तू: रेनकोट, गरम जाकीट आणि डासांचं मलम. मलम विसरू नका, उत्तरेकडच्या डासांपुढे कोकणातले डास बरे म्हणायची पाळी येते.